कुणाची काही दुरुस्ती?

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी मला कळलं की अकरा वर्षं मी जे दुःख उराशी धरून बसले होते ते माझं नव्हतंच. घडलं तसं काहीच नव्हतं. ऑफिसच्या कपाटाच्या अगदी खालच्या कप्प्यातून दोन पक्क्या वह्यांच्या मधे अडकलेली एक कच्ची वही निघाली. धूळ झटकली, शिंकले, पान उलटलं, आणि तिथे माझ्याच गिचमिड अक्षरात एक ओळ होती : ‘टाचणी – एक उन्हात, एक सावलीत, मग वजाबाकी?’ एवढंच. खाली कुणाचा चहा बिनसाखरेचा, कुणाची रजा, कुठल्या पेटीचं कुलूप बिघडलंय, असलं काहीबाही. मी ती ओळ तीनदा वाचली आणि उठून दार लावून घेतलं. कॉरिडॉरमध्ये चिटपाखरू नव्हतं, तरी लावलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, ते असं दिवसाढवळ्यासुद्धा पडतं.

नीट सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई भलतंच बरळतेय. आमची प्रयोगशाळा पुलांचं दुखणं मोजते. पुलाच्या पोटाला सेन्सर चिकटवायचे, पुलावर भार वाढला की लोखंड किंचित ताणलं जातं, तो ताण सेन्सरने आम्हाला कळवायचा, आणि फार झाला तर धोक्याची घंटा वाजवायची. आता अकरा वर्षांपूर्वी गंमत अशी होती की एका पुलावरची घंटा रोज दुपारी दोनच्या सुमाराला वाजायची. पुलावर सायकलसुद्धा नसली तरी वाजायची. कारण ऊन. पुलाची एक बाजू तापायची, लोखंड फुगायचं, आणि सेन्सर बिचारा समजायचा की हत्तींचा कळप चाललाय. चार महिने आम्ही डोकं फोडून घेतलं. आणि उपाय काय निघाला? शेंबड्या पोरालाही कळेल असा : एक सेन्सर उन्हाच्या अंगाला लावा, तसाच दुसरा सावलीच्या अंगाला, दोघांत जो फरक पडेल तो उन्हाचा, तो वजा करा, उरेल तो खरा भार. आज ठिकठिकाणी पूल असेच मोजतात. चांगली गोष्ट एकदा कुणी सांगितली की सगळ्यांना वाटतं, हे तर आपल्यालाही सुचलं असतं. मला तर वाटलंच.

आता मिनिट्सचं. मी इथे लागले त्या पहिल्याच दिवशी साहेब म्हणाले, ‘‘तुझं अक्षर सुंदर आहे, मीटिंगची मिनिट्स तू लिहीत जा.’’ माझं अक्षर त्यांनी तोवर पाहिलंही नव्हतं. टेबलाभोवती नऊ पुरुष आणि एक मी, तेव्हा अक्षर सुंदर कुणाचं असणार? मी सगळ्यांइतकीच शिकलेली, दोघातिघांपेक्षा जास्तच, पण मला राग आला नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं. वही हातात आली म्हणजे हातांचं काय करायचं हा प्रश्न मिटला. तेव्हापासून सव्वीस वर्षं दर मंगळवारी मी लिहिते आहे. आधी कच्च्या वहीत भराभर, मग संध्याकाळी पक्क्या वहीत सावकाश. पुढच्या मंगळवारी सुरुवातीला मी मागच्याचं वाचून दाखवते, मान वर करून विचारते, ‘‘कुणाची काही दुरुस्ती?’’ कुणाची नसते. सगळे सह्या करतात. बाईंनी लिहिलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं साहेब पाहुण्यांना सांगायचे आणि मी मान खाली घालून हसायची. त्या रेघेचा मला अभिमान होता. हुद्दे वाढले, केस पिकले, मी सेन्सर विभागाची प्रमुख झाले, पण वही काही सोडली नाही.

आणि त्याच वहीत, पक्क्या वहीत, अकरा वर्षांपूर्वीच्या एका मंगळवारी मी लिहिलं होतं, ‘एक सेन्सर उन्हात व एक सावलीत लावावा, असे साहेबांनी सुचवले.’ हे मला पाठ होतं. कारण हीच माझी जखम. कल्पना माझी, आणि मान साहेबांना. पुढे पेपर निघाला तो साहेबांच्या नावाने, शेवटी आभाराच्या ओळीत मी, एका टायपिस्टच्या मागे. घरी मी किती वेळा सांगितलं असेल हे! नवरा त्याला ‘तुझं ते उन्हातलं प्रकरण’ म्हणायचा. जेवताना कुणाच्या ऑफिसातला अन्याय निघाला की तो माझ्याकडे बघून हळूच म्हणायचा, ‘‘आता ऊन पडणार.’’ पण लेक हसायची नाही. ती डोळे मोठे करून ऐकायची. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ही म्हण तिला शाळेत शिकवायच्या आधी मी शिकवली, साहेबांवरून. महिला दिनाला मला कॉलेजांतून बोलावतात, तिथेही मी मुलींना सांगते : बायांनो, आपलं श्रेय आपण मागायला शिका, मी मागितलं नाही, अकरा वर्षं जळतेय. टाळ्या पडतात. गेल्या खेपेला एक पोरगी रडली होती. लेकीने तर इंजिनीअरिंगच्या प्रवेशाचा निबंध यावरच लिहिला. ‘माझ्या आईच्या नावाची रिकामी जागा’ असं काहीतरी त्याचं नाव होतं. आता ती तिसऱ्या वर्षाला आहे. दिवस मजेत चाललेत तिचे, पण वर्गात कुणी तिचं बोलणं तोडलं की म्हणते, ‘‘मी माझ्या आईसारखी गप्प बसणार नाही हं.’’

तर गेल्या आठवड्यात साहेबांचा फोन आला. निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली, पण आवाज अजून तसाच, टेबलावर हात आपटल्यासारखा. ‘‘अगं, ऐकलंस का? इंजिनीअरांची संघटना आपल्या पद्धतीला सन्मान देतेय. आणि नुसता सन्मान नाही, पद्धतीला नाव देतायत. पाठ्यपुस्तकात जाईल!’’ मी अभिनंदन म्हटलं. तर ते म्हणाले, ‘‘मी म्हटलंय त्यांना, माझ्या आडनावाला तुझं आडनाव जोडा. माझं एकट्याचं बरं दिसत नाही हल्ली.’’ हल्ली! मी फोन ठेवला आणि ऑफिसात, त्या खुर्चीत, पोरीसारखी रडले. ‘हल्ली’ तर हल्ली. मिळालं ना! लेकीला कळवलं तर ती किंचाळलीच. आज चार वाजता संघटनेतून पडताळणीची बाई येणार होती. कल्पना प्रथम कुणी मांडली याचा लेखी पुरावा बघायचा, अर्जावर माझी सही घ्यायची, संपलं. मी काय केलं, तर साहेबांचं नाव पक्क्या वहीत आहेच, आपलंही कुठे सापडतंय का बघावं म्हणून कपाट उघडलं. बसले असते गप्प तर काय बिघडलं असतं?

दार लावलेलं, वही मांडीवर. आणि मग तो मंगळवार हळूहळू यायला लागला. कुणीतरी खिडकीचा पडदा ओढत होतं आणि तो अडकत होता. फळ्यावरच्या शाईचा वास. साहेब उभे, बाकीचे बसलेले, सगळे एकदम बोलतायत. टेबलाच्या पार टोकाला टाचणी. नवीन लागून तीन महिने झाले होते तिला. अंगाने काडी आणि प्रश्न असा विचारायची की टोचायचा, म्हणून साहेबांनीच ते नाव ठेवलं होतं. तिनेही चालवून घेतलं. ती काहीतरी म्हणाली. तिचा आवाज बारीक नव्हता, असं मला आज स्वच्छ आठवतं. तो पुरेसा होता. माझ्यापर्यंत आला म्हणजे सगळ्यांपर्यंत आला असणार. मी लिहिलं. लिहिताना मनात म्हटलं, अरे, बरोबर आहे की! कुणी वळलं नाही. कुणीतरी वायरिंगचं काढलं, कुणी चहाचं. मग पाच मिनिटांनी साहेब फळ्यापाशी गेले, पुलाचं चित्र काढलं आणि म्हणाले, ‘‘एक काम करू. एक उन्हात लावू, एक सावलीत.’’ वा, साहेब, वा! मीसुद्धा वा म्हटलं. ते बोलत असताना मी टाचणीकडे बघितलं नाही. हेही मला आठवतं, की नाही बघितलं.

संध्याकाळी पक्की वही उघडली तेव्हा मी काही विचार केला होता का? केला होता. उगाच साव कशाला होऊ. वाटलं, दोघांची नावं लिहिली तर ते साहेबांना टोमण्यासारखं वाटेल. वाटलं, पोर नवी आहे, तिला पुढे पुष्कळ सुचेल. आणि याच्या खाली, तळाला, आणखी एक होतं, ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही, स्वतःलाही नाही. पंधरा वर्षं त्या टेबलावर बाईची एकच खुर्ची होती आणि ती माझी होती. तिथे बसायला मी काय काय गिळलं होतं! आणि ही काल आलेली कार्टी तीन महिन्यांत असं काही बोलते की ते मला पंधरा वर्षांत सुचलं नाही? जळले मी. ओठ घट्ट मिटून, सुंदर अक्षरात, ‘साहेबांनी सुचवले’ असं लिहिलं. पुरुषाने नेलं तर निदान रीतीप्रमाणे झालं, असं काहीतरी वाटलं असेल.

पुढचं सगळं माझंच काम होतं, ते मात्र खरं. वजाबाकी बोलायला सोपी. कुठल्या पुलाला किती अंतरावर, ढग आले तर काय, संध्याकाळी सावली सरकली तर काय, याचं सगळं गणित तीन आठवडे घरच्या जेवणाच्या टेबलावर बसून मी केलं. लेक शेजारी पाढे लिहायची. गणित करता करता ती गोष्ट माझ्या बोटांत उतरली. आणि पेपरावर साहेबांचं नाव बघितलं तेव्हा जो संताप आला तो अगदी खरा होता, त्यात भेसळ नव्हती. मला माझ्याकडून काढून घेतल्याचं दुःख झालं. कधीतरी, तीन आठवड्यांत की तीन वर्षांत देव जाणे, टाचणी त्या आठवणीतून गळून पडली आणि टेबलाच्या टोकाला मी जाऊन बसले. साहेबांना मी आयत्या बिळावरचा नागोबा म्हणायची. बिळात आम्ही दोघं होतो.

टाचणी वर्षभराने सोडून गेली. निरोपाला केक कापला, मी चार शब्द बोलले. ‘हल्लीच्या मुलींना चिकाटी नाही,’ असं मी कुणाला तरी म्हटल्याचंही आता आठवू लागलं.

पान फाडावं असं वाटलं का? वाटलं. हात पुढे गेलाही होता. कुणाला कळणार होतं? साहेबांना ठाऊक नाही, टाचणी कुठल्या कुठे गेलेली. अकरा वर्षांपूर्वीची एक ओळ, तीही प्रश्नचिन्हाची. शिवाय गणित माझं, मग नाव थोडं माझं नाही का? मी स्वतःशी अशी वकिली करत होते तेवढ्यात लेकीचा फोन आला. ‘‘आई, झाली सही? फोटो पाठव हं. मी मैत्रिणींना सांगून ठेवलंय.’’ मी म्हटलं, चार वाजता. ती म्हणाली, ‘‘आवाज का असा? रडलीस ना परत? रड, रड. हक्क आहे तुझा.’’ माझ्या पोरीला मी चोरीचं दुःख खाऊ घालून वाढवलं होतं, आणि ती त्याच्यावर चांगली पोसली होती, हे त्यातलं सगळ्यात अवघड.

साहेबांना आधी फोन केला. म्हटलं, ती कल्पना टाचणीची होती. ते म्हणाले, ‘‘कोण टाचणी?’’ मी सांगितलं. ‘‘ती काडीसारखी? छे गं! मला फळ्यापाशी जाता जाता सुचलं, लख्ख आठवतंय. तूच लिहिलंयस की.’’ माणूस खोटं बोलत नव्हता. कान ऐकतात आणि डोकं म्हणतं, मलाच सुचलं. त्यांना पाच मिनिटं लागली, मला जरा जास्त, एवढाच फरक. मग म्हणाले, ‘‘वाटलं तर तिचंही तिसरं नाव घाल. हल्ली चालतं.’’ 

टाचणीचा नंबर मिळवायला तासभर गेला. ती एका शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. मधल्या सुट्टीत सापडली. मागे मुलांचा गलका.

‘‘मॅडम? तुम्ही? सगळं ठीक ना?’’

‘‘ठीक आहे. एक विचारायचं होतं. ते उन्हा-सावलीचं, आपल्या मीटिंगमध्ये...’’

‘‘मंगळवार होता,’’ ती म्हणाली. गलका लांब गेला. बहुतेक ती कुठल्या तरी खोलीत शिरली. मी काय बोलायचं ते पाठ केलं होतं, तेवढ्यात तिनेच विचारलं, ‘‘मॅडम, मी ते बोलले होते ना?’’

मला आधी कळलंच नाही.

‘‘म्हणजे मोठ्याने बोलले होते ना? का नुसतं मनात म्हटलं होतं?’’

‘‘बोलली होतीस,’’ मी म्हटलं. ‘‘माझ्या वहीत आहे. तुझ्या नावाने.’’

मग ती म्हणाली, ‘‘पुढच्या मंगळवारी तुम्ही वाचून दाखवलंत. साहेबांनी सुचवले. मग कुणाची काही दुरुस्ती म्हणून विचारलंत, आणि माझ्याकडे बघितलंत.’’

‘‘मी?’’

‘‘हो. हसलातसुद्धा. साहेबांनी लिहिलं असतं ना, तर मी भांडले असते, मॅडम. घरी तशी तयारी करून आले होते. पण तुमच्या अक्षरात म्हटल्यावर मला वाटलं, तसंच झालं असेल. मीच काहीतरी घोळ घालतेय. मग वर्षभर मी काही बोलले की शेजारच्याला विचारायची, मी आत्ता बोलले ना? लोक हसायचे. घरी आरशासमोर उभी राहून मोठ्याने बोलून बघायची, आवाज निघतो का. शेवटी कंटाळा आला हो. इथे बरं आहे. चाळीस मुलं आहेत, ऐकू आलं नाही तर ओरडतात, बाई, ऐकू नाही आलं!’’ ती हसली. खरंच हसली.

मी म्हटलं, ‘‘पद्धतीला नाव देतायत. तुझं घालणार आहे.’’

‘‘आणि तुमचं?’’

‘‘माझं काढते.’’

बोलून मी थांबले. कशासाठी थांबले ते लपवण्यात अर्थ नाही. ‘नको मॅडम, गणित तर तुम्हीच केलंत, तुमचंही असू दे,’ असं ती म्हणेल म्हणून. ती तशी गुणाची होती. मी रिसीव्हर कानाला इतका दाबून धरला होता की कान दुखायला लागला.

‘‘बरं,’’ टाचणी म्हणाली. आणि घंटा झाली म्हणून फोन ठेवला.

चार वाजता पडताळणीची बाई आली. तिशीची असेल, पाठीला बॅग, पाणी हवं का विचारलं तर स्वतःची बाटली दाखवली. मी दोन्ही वह्या उघडून तिच्यापुढे ठेवल्या. तिने आधी पक्की वाचली, मग कच्ची, मग पुन्हा पक्की.

‘‘दोन्ही अक्षरं तुमचीच?’’

‘‘हो.’’

‘‘मग खरं कुठलं?’’

‘‘कच्चं.’’

तिने चष्मा काढला. ‘‘मॅडम, अर्जावर तुमचं नाव आहे. तुम्ही गप्प राहिलात तर मला पक्की वहीच धरावी लागेल, त्यावर सगळ्यांच्या सह्या आहेत. आणि हे धरायचं तर तुम्हाला लिहून द्यावं लागेल की पक्क्या वहीत तुम्ही जाणूनबुजून खोटं लिहिलंत. ते तुमच्या संस्थेकडे जाईल. विचार करा.’’

विचार सकाळपासून झाला होता. कागद ओढला आणि लिहायला लागले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा माझं अक्षर बिघडलं. अर्जावर साहेबांच्या आणि माझ्या आडनावांवर आडवी रेघ मारली, वर टाचणीचं पूर्ण नाव लिहिलं. ते मला विचारायला लागलं नाही, हजेरीच्या यादीत मीच लिहायची ते. लेकीला काय सांगायचं, कसं सांगायचं, हा विचार रेघ मारतानाच आला, आणि हात थांबला नाही याचं मला नवल वाटलं. निबंध तर तिने केव्हाच पाठवून दिला होता.

बाईने कागद वाचला. एका जागी बोट ठेवून म्हणाली, ‘‘इथे जरा स्पष्ट हवं. मिनिट्स खोटी लिहिली ती फक्त याच बैठकीची, की इतरही?’’

‘फक्त याच’ म्हणायला मी तोंड उघडलं. ते खरंच ओठांवर होतं. पण टाचणीच्या आधी ड्रॉइंगच्या खोलीत एक जण होती, नकाशे घेऊन मीटिंगला यायची आणि भिंतीशी उभी राहायची, बाळंतपणाला गेली ती परत आली नाही. टाचणीनंतर दोघी आल्या, दोन-दोन वर्षं टिकल्या. चौघीही मीटिंगमध्ये काहीतरी बोलायच्या. मी त्यांची तोंडं आठवायला गेले, ओठ हलताना दिसले. काय बोलायच्या ते आठवेना.

‘‘इतरही,’’ मी म्हटलं.

‘‘किती?’’

मिनिट्सवर सह्या झाल्या की कच्च्या वहीतलं पान मी स्वतःच्या हाताने फाडून टाकायची. हे एक चुकून राहिलं होतं. मी तसं तिला सांगितलं. तिने ते लिहून घेतलं आणि कागद सहीसाठी माझ्याकडे फिरवला.